जुन्या मोटारीच्या तारा

जुनी मोटार म्हटली म्हणजे पाहणाराची दृष्टि प्रथम तिच्या रंगावर, चकाकणाऱ्या पट्ट्यांवर आणि फार तर इंजिनाच्या आवाजावर जाते. परंतु डॅशबोर्डाच्या मागें, पायाखालच्या सतरंजीखालीं आणि बॉनेटच्या आंत जो तारांचा जुडगा पसरलेला असतो, त्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. इंजिन बिघडलें तर गाडी उभी राहते. टायर फुटला तर ती अडते. पण तारा बिघडल्या तर गाडी पेट घेते. हा भेद ज्याला कळला त्याला या लेखाचें प्रयोजन निराळें सांगावयास नको. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीच्या तारा कां बदलाव्या लागतात, त्या घरच्या घरीं बदलतां येतात काय, आणि येत असल्यास कोणत्या क्रमानें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजेल अशा रीतीनें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

उदाहरणादाखल आम्ही मॉरिस मायनर ही इंग्रजी गाडी घेतों. अ‍ॅलेक इसिगोनिस या कल्पक शिल्पज्ञानें हिची रचना केली. १९४८ सालीं लंडनच्या मोटार-प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली, आणि १९७१ पर्यंत अशा सुमारे १६ लक्ष गाड्या तयार झाल्या. आपल्याकडेहि हिंदुस्थान मोटर्स या कारखान्यानें हीच गाडी ‘बेबी हिंदुस्थान’ या नांवानें कांहीं वर्षें काढली होती. ही गाडी निवडण्याचें कारण असें कीं, हिच्यांतील विजेची मांडणी अगदीं थोडकी व सरळ आहे, आणि ती बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीच्या पद्धतीची असल्यामुळें एका गाडीचें मर्म समजलें म्हणजे त्या काळच्या दुसऱ्या अनेक इंग्रजी गाड्यांचें समजल्यासारखेंच होतें.

प्रथम मूळ तत्त्व पाहूं. विजेचा प्रवाह बॅटरीच्या एका टोकापासून निघतो, दिव्यांतून किंवा भोंग्यांतून जातो आणि पुनः बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला येऊन मिळतो. हें वर्तुळ कोठेंहि तुटलें कीं प्रवाह थांबतो. आपल्या घरांत जाण्यासाठीं एक व परतण्यासाठीं एक अशा दोन तारा असतात; मोटारींत मात्र जाण्याचीच तार असते, आणि परतीचा मार्ग म्हणजे गाडीचें पोलादी अंग होय. यालाच मोटारवाले ‘अर्थ’ म्हणतात. मायनरमध्यें आणखी एक विशेष आहे. आजच्या गाड्यांत बॅटरीचें ऋण टोक अंगाला जोडलेलें असतें. मायनरमध्यें बहुधा धन टोक जोडलेलें असतें. दिव्याला किंवा भोंग्याला याचें कांहीं वाटत नाहीं. पण आजचा रेडिओ किंवा फोनचा चार्जर अशा गाडीला बेफिकिरीनें जोडला तर तो तत्काळ निकामी होऊं शकतो. सबब, कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचें कोणतें टोक अंगाला आहे हें डोळ्यांनीं पाहून कागदावर लिहून ठेवावें.

आतां तारा बिघडतात कशा तें पाहूं. पूर्वींच्या गाड्यांत तांब्याच्या तारेवर रबर आणि त्यावर कापसाच्या धाग्याची वीण असे. पुढें प्लास्टिकचें वेष्टन आलें. रबर कालांतरानें सुकून तडकतें. वीण तेल पिऊन कुजते. प्लास्टिक इंजिनाच्या उष्णतेनें कडक होऊन वाकवतांच मोडतें. उंदरांना तर तारा कुरतडण्याची विशेष गोडी असते. कोंकणासारख्या खाऱ्या हवेच्या प्रांतांत तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि तो वेष्टनाच्या आंत दूरवर शिरतो. वरून तार धड दिसते, आंतून ती काळवंडलेली असते. याखेरीज मनुष्याचा हात हें एक मोठें कारण आहे. मधल्या मालकांनीं रेडिओसाठीं, पंख्यासाठीं, जादा दिव्यासाठीं मिळेल त्या रंगाची तार घेऊन, मूळ तारेला कातरून, दोन टोकें पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका गाडींत मागच्या एकाच दिव्याकडे जाणारी तार वाटेंत तीन वेळां रंग बदलीत होती, आणि तिन्ही सांध्यांवरील चिकटपट्टी सुटून लोंबत होती.

सांधा वाईट असल्यास काय होतें, याचा हिशेब शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या ओहमच्या नियमानें सहज करतां येतो. मायनरच्या पुढच्या जुन्या दिव्याचा बल्ब ४२ वॅटचा असतो. १२ व्होल्टांवर तो ३॥ अँपिअर प्रवाह घेतो. दोन दिव्यांचे मिळून ७ अँपिअर झाले. वाटेंतील गंजलेल्या सांध्याचा विरोध केवळ ०.२ ओहम आहे असें धरा. ७ ला ०.२ नें गुणिलें म्हणजे १.४ व्होल्ट त्या सांध्यांतच खर्ची पडतात. दिव्याला १२ ऐवजीं १०.६ व्होल्टच मिळतात. बल्बचा प्रकाश दाबापेक्षां पुष्कळ अधिक वेगानें घटत असल्यामुळें एवढ्यानेंच सुमारे एक तृतीयांश उजेड नाहींसा होतो. मालक म्हणतो, ‘जुन्या गाडीचे दिवे असेच मिणमिणते असतात.’ तसें नाहीं. दिवे चांगले आहेत, वाटेंत चोर आहे. आणि हा चोर चोरलेला माल उष्णतेच्या रूपानें तेथेंच साठवितो. त्या सांध्यांत जवळजवळ १० वॅट उष्णता सारखी निर्माण होत असते, आणि ती चिकटपट्टीच्या आंत कोंडलेली असते.

याहून भयंकर प्रकार म्हणजे तारेचें वेष्टन घांसून आंतलें तांबें गाडीच्या अंगाला लागणें. मग प्रवाहाला दिव्यांतून जाण्याचें कारण उरत नाहीं. तो आडवाटेनें थेट बॅटरीकडे परततो. वाटेचा सारा विरोध ०.०५ ओहम असला तर १२ भागिलें ०.०५ म्हणजे २४० अँपिअर होतात. एवढा प्रवाह बारीक तारेंतून गेला तर ती कांहीं क्षणांत लाल होते व शेजारच्या तारांचें वेष्टन पेटविते. हें टाळण्यासाठीं फ्यूज असतो. पण मायनरमध्यें मूळचे फ्यूज केवळ दोनच आहेत, आणि पुढच्या मोठ्या दिव्यांची व इग्निशनची तार यांपैकीं एकाहि फ्यूजमधून जात नाहीं. बॅटरीकडून येणारी मुख्य तपकिरी तारहि तशीच उघडी असते. म्हणजे ज्या तारांना रक्षणाची अधिक गरज त्याच अरक्षित! नवी गाडी असतांना हें चालून गेलें. जुन्या वेष्टनाच्या भरंवशावर घरचीं माणसें त्या गाडींत बसविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

हें काम घरीं होईल काय? होईल, परंतु धीर हवा, घाई नको. विद्यार्थ्यांनीं तें वडील मनुष्याच्या देखत आणि हाताखालींच करावें. १२ व्होल्टांचा झटका माणसाला बसत नाहीं म्हणून पुष्कळजण निष्काळजी होतात. पण बॅटरींतील शक्ति मोठी असते. हातांत आंगठी किंवा धातूचें घड्याळ असून तें पान्याबरोबर मध्यें सांपडलें तर कातडी भाजून निघते. तीं आधीं काढून ठेवावीं. बॅटरी सोडवितांना जें टोक अंगाला जोडलेलें आहे तें प्रथम सोडावें. कारण उघड आहे: तें सोडवीत असतां पाना गाडीच्या अंगाला लागला तरी दोन्हीकडे एकच दाब असल्यामुळें ठिणगी पडत नाहीं. दुसरें टोक प्रथम सोडूं गेल्यास तोच पाना बॅटरीचीं दोन्ही टोकें जोडणारा पूल होतो. परत जोडतांना क्रम उलटा. अंगाचें टोक सर्वांत शेवटीं. सोडवलेली बॅटरी गाडींतून उचलून निराळी ठेवावी, व तिच्याजवळ विस्तव आणूं नये. तिच्यांतून ज्वालाग्राही वायु निघतो.

यानंतर पक्कड हातीं न घेतां पेन्सिल घ्यावी. या कामाचा निम्मा भाग कागदावर होतो. गाडीच्या पुस्तकांत विजेचा नकाशा असतो. तो मोठा करून भिंतीवर लावावा आणि एकेक मंडल निरनिराळ्या रंगाच्या पेन्सिलीनें गिरवावें. ल्यूकसच्या पद्धतींत तारेचा रंग हीच तिची जात होय. तपकिरी तार बॅटरीची, सदैव जिवंत, पांढरी इग्निशनची, किल्ली फिरविली कीं जिवंत होणारी, हिरवी त्याच किल्लीमागची, पण फ्यूजमधून आलेली, तांबडी बाजूच्या व मागच्या लहान दिव्यांची, निळी मोठ्या दिव्यांची, तींतहि पांढऱ्या रेघेची दूरच्या झोताची व तांबड्या रेघेची जवळच्या झोताची, पिवळी डायनॅमोची, आणि काळी अर्थची. मात्र जुन्या विणीवरचे रंग मळून तपकिरी व तांबडा एकच भासतात. अशा वेळीं टोकाकडील वेष्टन न पाहतां जुडग्याच्या आंत, जेथें ऊन व तेल पोंचलें नाहीं, तेथील रंग पाहावा. तरीहि शंका राहिली तर मल्टिमीटरनें तारेचीं दोन्ही टोकें ताडून पाहावीं. प्रत्येक टोकाला कापडी चिठ्ठी बांधून त्यावर ती कोठून आली व कोठें गेली हें लिहावें, व प्रत्येक ठिकाणचें छायाचित्र घ्यावें. ‘हें माझ्या लक्षांत राहील’ हें वाक्य या कामांत कधीं उच्चारूं नये.

नव्या तारांचा तयार जुडगा, ज्याला कारागीर हार्नेस म्हणतात, मायनरसाठीं आजहि विकत मिळतो. तो मूळच्या रंगांचा व मापाचा असतो. प्रथमच काम करणारानें तोच घ्यावा असें आम्ही सुचवूं. ज्यांना स्वतः जुडगा बांधावयाचा असेल त्यांनीं जुना जुडगा अखंड काढून एका लांब फळीवर पसरावा, वळणाच्या ठिकाणीं खिळे ठोकावे आणि त्या खिळ्यांच्या वाटेनें नव्या तारा घालाव्या. म्हणजे लांबी चुकत नाहीं. तारेची जाडी प्रवाहावरून ठरते. लहान दिव्यांना ०.३० मिलिमीटरचे १४ धागे असलेली, म्हणजे सुमारे १ चौरस मिलिमीटर तांब्याची तार पुरते. मोठ्या दिव्यांना २८ धाग्यांची, सुमारे २ चौरस मिलिमीटरची घ्यावी. बॅटरीच्या मुख्य तपकिरी तारेला ४४ धाग्यांहून कमी घेऊं नये. जाडीचा गुण हिशेबानेंहि दिसतो: ४ मीटर लांबीच्या १ चौरस मिलिमीटर तारेंतून ७ अँपिअर गेले तर जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेंत जातो, जाडी दुप्पट केली कीं हानि निम्म्यावर येते. घरांतील वायरिंगची एकधागी ताठ तार मोटारींत कदापि वापरूं नये. इंजिनाच्या सततच्या थरथरीनें ती मोडते.

जुनी तार काढतांना एक साधी युक्ति फार उपयोगीं पडते. मागच्या दिव्यांकडे गेलेला जुडगा ओढण्यापूर्वी त्याच्या टोकाला मजबूत सुतळी बांधावी. जुडगा बाहेर येतो आणि त्याच्या वाटेवर सुतळी राहते. तिलाच नवा जुडगा बांधून उलट ओढला कीं तो आपोआप योग्य मार्गानें जातो. पत्र्याच्या ज्या ज्या भोंकांतून तार जाते तेथें नवें रबरी कडें बसवावें. हें कडें कांहीं रुपयांचें, पण तें नसल्यास पत्र्याची धार करवतीसारखी तारेवर चालत राहते. जुडगा एक्झॉस्टच्या नळापासून, फिरत्या दांड्यांपासून आणि पेट्रोलच्या नळीपासून दूर धरून ठिकठिकाणीं पकडींनीं बांधावा. सर्व गाडी एकदम उघडी न करतां एक भाग पुरा करून मग दुसऱ्यास हात घालावा.

सांध्यांच्या बाबतींत मात्र काटकसर नसावी. ल्यूकसच्या पद्धतींत तारेच्या टोकाला गोळीच्या आकाराचें पितळी टोंक बसवून तें नळींत दाबतात. त्या जुन्या नळ्या पुनः वापरूं नयेत. टोंक दाबावयाचें तर त्याच कामाच्या पकडीनें दाबावें, साध्या पकडीनें चेपूं नये. डाख द्यावयाचा असेल तर राळेचा द्यावा. आम्लाचा वापरल्यास तोच पुढें तांबें खातो. डाख जेथें संपतो तेथें तार ताठ होऊन थरथरीनें मोडण्याचा संभव असतो. म्हणून त्या जागेस आधार द्यावा. प्रत्येक सांधा झाल्यावर तो हातानें ओढून पाहावा. जो हाताच्या ओढीनें सुटतो तो रस्त्यावर टिकणार नाहीं.

अर्थचे सांधे तर विशेष जपावे. नवीन रंग दिलेल्या गाडींत दिवे लागत नाहींत याचें कारण पुष्कळदां हेंच असतें कीं, परतीच्या मार्गावर रंगाचा सुंदर थर बसलेला असतो. काळी तार जेथें अंगाला मिळते तेथील रंग व गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घांसून, स्क्रू घट्ट आवळून, वर थोडें व्हॅसलीन लावावें. इंजिन रबरी उशांवर बसविलेलें असतें, म्हणून इंजिन व अंग यांना जोडणारी विणलेली पट्टीहि पाहावी.

हें सारें करतांनाच मूळची उणीव भरून काढण्याची संधि असते. मोठ्या दिव्यांसाठीं निराळे फ्यूज घालावे, आणि बॅटरीकडून येणाऱ्या तपकिरी तारेंत, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, एक मोठा फ्यूज ठेवावा. फ्यूज तारेच्या रक्षणासाठीं असतो, दिव्याच्या नव्हे. म्हणून तो तारेच्या शक्तीपेक्षां नेहमीं कमी असावा. येथें एका घोटाळ्याकडे लक्ष वेधणें जरूर आहे. ल्यूकसच्या जुन्या कांचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलें असतें. तो आंकडा फ्यूज ज्या प्रवाहाला वितळतो त्याचा आहे. तो सतत वाहूं शकणारा प्रवाह याच्या निम्म्याइतका, सुमारे १७ अँपिअर असतो. आजच्या फ्यूजवरील आंकडा सतत वाहण्याचा असतो. सबब, ३५ च्या जागीं आजचा ३५ चा फ्यूज घालणें म्हणजे पहारेकऱ्यास झोंपेचें औषध देणें होय. मात्र ही भर अशी घालावी कीं ती बाहेरून दिसूं नये व पुढें काढतां यावी. भारत सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुनी खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. पण ती मूळ स्वरूपांत राखलेली असावी लागते.

आतां परीक्षेचा दिवस. नवा जुडगा बसला म्हणून बॅटरी लगेच जोडूं नये. प्रथम सर्व बटणें बंद ठेवून, दारें लावून, जिवंत बाजूची मुख्य तार व गाडीचें अंग यांमधील विरोध मल्टिमीटरनें पाहावा. तो जवळजवळ शून्य आल्यास कोठेंतरी आडवाट आहे. तो ठीक असल्यास २१ वॅटचा बल्ब घेऊन बॅटरीचें जिवंत टोक व मुख्य तार यांच्या मध्यें तो जोडावा. हा बल्ब द्वारपाल समजावा. आंत आडवाट असली तर बल्ब पूर्ण तेजानें पेटतो, आणि पावणेदोन अँपिअरपेक्षां अधिक प्रवाह जाऊं देत नाहीं. तार वांचते, बॅटरी वांचते, आपण वांचतो. सर्व बंद असतां बल्ब विझलेला राहिला तर एकेक बटण दाबावें. लहान दिवे लावले कीं द्वारपाल मंद उजळेल. तें योग्यच आहे. अशा रीतीनें प्रत्येक मंडल तपासल्यावरच बल्ब काढून फ्यूज घालावे. शेवटीं मोठे दिवे पेटवून, बॅटरीचें जिवंत टोक व दिव्याचें जिवंत टोक यांमधील व्होल्ट मोजावे. अर्ध्या व्होल्टाच्या आंत असतील तर काम उत्तम झालें. त्याचप्रमाणें दिव्याची काळी तार व बॅटरीचें अंगाकडील टोक यांमध्यें मोजावें. तेथें दोन दशांश व्होल्टांहून अधिक असल्यास अर्थ पुनः घांसावा. नकाशा, चिठ्ठ्यांची यादी आणि घातलेल्या फ्यूजांची माहिती एका वहींत लिहून ती गाडींतच ठेवावी. पुढें जो कोणी ही गाडी उघडील त्याला ती मिळाली पाहिजे.

विद्यार्थीमित्रहो, मोटार तुमच्या घरीं असेल वा नसेल, जुनी असेल वा नवी. या कामांतून घेण्यासारखें जें आहे तें मोटारीपुरतें नाहीं. ज्या मालकांनीं तारा पिळून चिकटपट्ट्या लावल्या त्यांनाहि दिवा लागलेला पाहावयाचा होता, आणि तो त्या दिवशीं लागलाहि. त्यांनीं एवढेंच विचारलें नाहीं कीं, हा प्रवाह येतो कोठून, जातो कोठें, आणि वाट चुकला तर त्याला अडविणारें कोण आहे? हे तीन प्रश्न ज्यानें प्रत्येक तारेला विचारले त्याच्या हातून काम सावकाश होईल, पण रात्रीच्या घाटांत त्याच्या गाडींतलीं मुलें निर्धास्त झोंपतील.